एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

एका वाड्यात दहा बिऱ्हाडे आहेत आणि पाकिटावर नुसता वाड्याचा पत्ता आहे. पोस्टमनने पत्र कोणाला द्यावे? इंटरनेटवरही असाच पेच होता. एचटीटीपी १.० (१९९६) नुसार पान मागताना संकेतस्थळाचे नाव सांगण्याची सक्ती नव्हती. १९९७ च्या १.१ आवृत्तीने नाव सांगणारी 'होस्ट' ही ओळ सक्तीची केली. त्यामुळे एकाच अंकी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे नांदू लागली. अशा प्रत्येक बिऱ्हाडाला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणतात.

समजा, शाळेच्या संगणकावर 'ग्रंथालय' आणि 'निकाल' अशी दोन बिऱ्हाडे आहेत. ग्रंथालय सर्वांना खुले. गुणांची नोंद मात्र फक्त शिक्षकांसाठी. येथे दोन प्रश्न वेगळे ठेवू. तुम्ही कोण? हे परवलीच्या शब्दावरून ठरते. तुम्हाला येथे प्रवेश आहे का? हे नियमावरून ठरते. म्हणूनच एचटीटीपीत ओळख पटली नाही तर ४०१ आणि ओळख पटूनही परवानगी नसेल तर ४०३, अशी दोन वेगळी उत्तरे आहेत.

लेमनएलडॅप एनजी या मुक्त आज्ञावलीत प्रत्येक बिऱ्हाडाच्या नियमांची यादी स्वतंत्र असते. मागितलेल्या पानाचा पत्ता एकेका नियमाशी क्रमाने ताडून पाहिला जातो. पहिला जुळेल तो नियम लागू होतो. पुढचे पाहिलेच जात नाहीत. एकही जुळला नाही, तर 'अन्यथा' काय करायचे हे सांगणारा नियम लागतो.

खरी गोम येथेच आहे. आपण 'निकाल'साठी दोन नियम लिहिले:

१. '/गुण/' ने सुरू होणारी पाने: फक्त शिक्षक.
२. अन्यथा: ओळख पटलेला कोणीही.

वर्षभर सारे सुरळीत चालते. मग कोणीतरी गुणांची जादा प्रत '/प्रत/' या नव्या कप्प्यात ठेवतो. पहिला नियम तिला जुळत नाही, दुसरा लागतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सर्वांचे गुण दिसू शकतात. कुलूप कोणी फोडलेले नाही. दार आपणच उघडे ठेवले. शिवाय तक्रार कोणीच करत नाही.

तेथे 'अन्यथा: मनाई' असते तर? प्रत शिक्षकांनाही दिसली नसती. त्यांनी लगेच विचारले असते आणि चूक सुधारली असती. सॉल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये हेच तत्त्व मांडले होते: कोणाला अडवायचे याची यादी करू नये, कोणाला सोडायचे याची करावी.

हे दोन नियम फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना विचारू या: कोणते पान यांतून निसटेल?