घाट उतरतांना सायकल कशी वळवावी

२०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारें ४,८०० किलोमीटरांची सायकलशर्यत पुरी केली. आमच्या गांवांत रविवारीं पहाटे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर पाहावें, तों तरुणांबरोबर पन्नाशी उलटलेली मंडळीही सायकलीवर दिसतात. चढावें कसें, हें त्यांना कोणी ना कोणी सांगतो. उतरावें कसें, हें मात्र क्वचितच कोणी शिकवितो.

मी तें पडूनच शिकलों. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरतांना एका उजव्या वळणावर वेग अधिक वाटला, म्हणून मीं घाबरून मागचा ब्रेक आवळला. चाक फिरावयाचें थांबलें, बाजूला सरकलें आणि मी खडीवर पडलों. त्या वेळीं दोष रस्त्याला दिला. वस्तुतः तो माझा होता.

त्याचें कारण असें. टायरची रस्त्यावरील पकड ही ठराविक शिल्लक आहे. वळणें आणि वेग कमी करणें, हे दोन्ही खर्च तिच्यांतूनच भागवावयाचे. ओल्या रस्त्यावर तर ती आणखी घटते. त्यांतही वळणाचा खर्च वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३० किलोमीटर वेगाला सायकल सुमारें २० अंश कलावी लागते. ४० च्या वेगाला सुमारें ३२ अंश. मग ब्रेकसाठीं उरतें काय? म्हणून वेग वळणापूर्वीं, सायकल सरळ असतांनाच, दोन्ही ब्रेकांनीं बेताबेतानें कमी करावा. ब्रेक लावतांच भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळें वेग रोखण्याचें मुख्य काम पुढचा ब्रेकच करतो. त्याला भिऊं नये. मात्र तो एकदम आवळूंही नये.

दुसरी चूक पायांची. सायकल कललेली असतांना पायडल मारीत राहिल्यास आंतलें पायडल जमिनीस लागण्याचा संभव असतो. पाय थांबवावे, बाहेरचा पाय खालीं घ्यावा आणि शरीराचा भार त्यावर द्यावा. उजव्या वळणावर डावा पाय खालीं. बर्फाच्या उतारावर स्कीवरून वळणारेही भार बाहेरच्याच पायावर देतात. नवशिका मात्र भिऊन डोंगराकडे झुकतो आणि घसरतो.

तिसरी चूक डोळ्यांची. दरीकडे पाहणाऱ्याची सायकल दरीकडेच ओढली जाते. नजर चाकाखालीं नको, कठड्यावर नको. वळण जेथें संपतें तिकडे असावी. कोपरें किंचित् वाकलेलीं, खांदे सैल. आपली डावी बाजू मात्र कधींही सोडूं नये. वळणापलीकडची बस आपणांस दिसत नाहीं, तसे तिच्या चालकास आपणही दिसत नाहीं.

या तिन्ही चुकांचें मूळ बहुधा एकच, भीति. भ्यालेलें शरीर ब्रेक आवळतें, ताठ होतें आणि जें टाळावयाचें त्याकडेच पाहत राहतें. भीतीला उपदेश कळत नाहीं, संवय कळते. म्हणून प्रथम मोकळ्या मैदानावर दोन विटा अंतरानें ठेवून त्यांभोंवतीं आठच्या आंकड्यासारखें सावकाश फिरावें.

महिनाभर तसें करून मी त्याच वळणावर पुन्हां गेलों. वेग आधींच उतरविला, डावा पाय खालीं घेतला, नजर पुढें ठेवली. वळण केव्हां संपलें, कळलेंही नाहीं.