पिवळा रंग कुणाचा?

गंगाखेड तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावात मी जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायची, मग नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब सोडायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे; लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम तरी हवा. पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. डबा उघडा राहिला, की आमच्या परभणीच्या उन्हात क्लोरीन उडालाच म्हणून समजा.

हल्ली क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या, बाटल्याही मिळतात. हा गडी निराळा! पिवळा-हिरवा, उग्र वासाचा वायू. उकळतो 11 अंशांवर. हवेत 10 टक्क्यांवर गेला तर स्फोट होऊ शकतो, म्हणून सिलिंडरमध्ये भरत नाहीत; लागेल तिथंच बनवतात. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरानं 1944 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरला, कारण फिनॉलचा घाण वास तो घालवतो.

अडचण अशी, की ओटी त्यानंही पिवळं होतं. म्हणून प्रयोगशाळेत आधी ग्लायसिन घालतात. मोकळा क्लोरीन त्यात अडकतो. मग डीपीडी या रसायनानं गुलाबी छटा आली, तर ती डायऑक्साइडची.

करोनात या डायऑक्साइडचं द्रावण औषध म्हणून प्यायला सांगणारेही निघाले. कुणी कितीही सांगो, पिऊ नका.