चाकांवरचे बिऱ्हाड आणि आकाशातली तार

आमच्या कन्येने आणि जावईबापूंनी २०२१ साली राहते घर विकून मोटारीत बिऱ्हाड थाटले, ही वार्ता बडोद्यात मी बराच काळ कुणाला सांगितली नव्हती. दांडिया बाजारात कुणी परिचित भेटले आणि ‘मुलगी हल्ली अमेरिकेत कुठे असते?’ असे त्यांनी विचारले, की ‘पश्चिमेकडे’ असे मोघम उत्तर देऊन मी विषय बदलत असे. भाड्याचे का असेना, पण घराला पाया असावा, अशा संस्कारांत आमची पिढी वाढली. त्यातून कन्या मनोविकारतज्ज्ञ. तिचे रुग्ण, तिचा दवाखाना यांचे काय, हा प्रश्न मला अधिक छळत होता. दवाखाना आता संगणकाच्या पडद्यावर असतो, असे ती सांगे. ते मला कळत होते, पण पटत नव्हते.

अखेर २०२३ च्या ऑगस्टअखेरीस सौ. आणि मी दोन महिन्यांसाठी त्या फिरत्या घरी राहावयास गेलो. मागे बडोद्यात त्र्याण्णव वर्षांची आई, धाकटा भाऊ आणि भावजय. निघताना आईने एकच गोष्ट बजावली होती, ‘रोज फोन कर आणि आज घर कुठे उभे आहे ते सांग.’

ते घर म्हणजे फोर्डच्या सांगाड्यावर बांधलेली अठ्ठावीस फुटी मोटार. आत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, दोन बिछाने आणि चालकाच्या आसनामागे पडदा ओढला की तयार होणारी चार फूट रुंद ‘कन्सल्टिंग रूम’. सौ.ने पहिल्याच दिवशी त्या ओट्यावर थालीपीठ लावले आणि धुराची सूचना देणारी घंटा वाजून सारे कॅम्पग्राउंड गोळा झाले. असो.

या घरात पाणी, वीज आणि सांडपाणी यांची चिंता सगळेच करतात. आमच्या लेकी-जावयांना चौथी चिंता होती इंटरनेटची, आणि ती बाकीच्या तिन्हींपेक्षा वरचढ होती. पाणी संपले तर पुढच्या गावी भरता येते. रुग्ण सकाळी दहाला पडद्यासमोर येऊन बसला आणि डॉक्टरच दिसेनाशी झाली, तर तो वेळ पुन्हा भरून निघत नाही.

त्यांची व्यवस्था मी कुतूहलाने पाहिली. छतावर एक अँटेना, तिच्याखाली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घेणारा राउटर. एकीचा मनोरा नसेल तेथे दुसरीचा असण्याची शक्यता. दोन्ही कंपन्यांच्या योजनांवर ‘अमर्याद’ असे छापलेले, पण ठराविक वापरानंतर वेग इतका मंदावतो की या विशेषणाचा अर्थ कोशात पुन्हा पाहावासा वाटतो. कॅम्पग्राउंडचे फुकट वाय-फाय म्हणजे सरकारी रुग्णालयाची सोमवार सकाळची ओपीडी. जोडणी एक आणि रांगेत शंभर मोटारी. संध्याकाळी सातनंतर सारेजण चित्रपट लावून बसले की साधे पत्रही पुढे सरकत नाही. अडीअडचणीला लहान गावांतली सार्वजनिक ग्रंथालये उपयोगी पडतात. ती बंद झाल्यावरही पुष्कळ ठिकाणी त्यांचे वाय-फाय बाहेरच्या वाहनतळापर्यंत पोहोचते. अशाच एका वाहनतळावर बसून आईशी बोलताना मला सयाजीराव महाराजांच्या फिरत्या ग्रंथालयांची आठवण झाली. महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले आणि पुस्तकांच्या पेट्या संस्थानातल्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. आपल्याकडे ग्रंथालय वाचकाकडे गेले होते, येथे आम्ही घरच ग्रंथालयाच्या दारी नेऊन उभे केले होते!

जेथे मनोराही नाही आणि ग्रंथालयही नाही, तेथे स्टारलिंकची तबकडी. मोटारघरांसाठीची ही सेवा २०२२ च्या मे महिन्यात सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा तिचे महिन्याचे शुल्क १५० डॉलर होते. उपग्रहावरून इंटरनेट ही कल्पना नवी नव्हे. परंतु जुने दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. प्रश्न तेथवर जाऊन खाली यावयाचा आणि उत्तरही त्याच वाटेने परतावयाचे, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद प्रवासातच जातो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे हा विलंब सेकंदाच्या काही शतांशांवर येतो.

अर्ध्या सेकंदाने काय बिघडते, असे मी विचारले. कन्येचे उत्तर मला अंतर्मुख करून गेले. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही नाडी पाहता तशी मी उत्तरापूर्वीची शांतता पाहते. खिन्नतेच्या रुग्णाला “झोप कशी लागते?” असे विचारले की तो किती वेळाने बोलतो, हेच माझे लक्षण. तारेने त्यात स्वतःची शांतता मिसळली, तर रुग्णाची कोणती आणि यंत्राची कोणती हे कसे ओळखू?’ चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या मला हे सुचले नव्हते.

तबकडीला मात्र आपल्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे भूक. ती पन्नास ते पंचाहत्तर वॅट सतत खाते. दिवसरात्र चालू ठेवली तर सव्वा ते पावणेदोन युनिट वीज, म्हणजे आमच्या बॅटऱ्यांतल्या साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. म्हणून जावईबापू रात्री ती बंद करीत. दुसरी सवय म्हणजे तिला मोकळे आकाश लागते. उपग्रह सतत सरकत असतात आणि तबकडी एकाला सोडून दुसऱ्याला धरीत असते. मध्ये झाडाची एक फांदी आली की तेवढे काही क्षण सारे मुके. मोटारघराला उन्हाळ्यात सावली हवी आणि तबकडीला ऊन! मुक्कामाची जागा निवडताना या दोघांचे भांडण रोज नव्याने मिटवावे लागे.

कन्येच्या कामाची एक पद्धत मला सुरुवातीस अतिरेकी वाटली होती. प्रत्येक रुग्णास ती आरंभीच तीन प्रश्न विचारी. तुम्ही आत्ता नेमके कोणत्या पत्त्यावर आहात? जवळ कोण आहे? तार तुटली तर कोणत्या क्रमांकावर फोन करू? पहिल्या प्रश्नाला कायद्याचेही कारण आहे. तेथे वैद्यकीय परवाना राज्याराज्यांचा असतो आणि सामान्यतः रुग्ण ज्या राज्यात बसला असेल, तेथील परवाना डॉक्टरकडे असावा लागतो. पण मुख्य कारण वेगळे. जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात असलेला माणूस बोलता बोलता अदृश्य झाला, तर मदत कुठे पाठवावयाची? आठवड्याला तोच रुग्ण, तोच पत्ता, तरी ती पुन्हा विचारी. ‘मागच्या आठवड्यात सांगितले होते की त्याने,’ असे मी एकदा म्हणालो. ती नुसती हसली.

वेळेचा घोळ आणखी निराळा. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाही, शेजारचे युटा करते, आणि ॲरिझोनातच वसलेला नवाहो लोकांचा प्रदेशही करतो. सीमेजवळच्या पेज या गावी आमचे दूरध्वनी कधी या मनोऱ्याला, कधी त्या मनोऱ्याला जुळत आणि घड्याळ बसल्या जागी तासभर मागेपुढे होई. सौ.ची रक्तदाबाची गोळी त्या दिवशी दोनदा होता होता राहिली.

गोळीवरून मूळ गोष्टीकडे येतो. सप्टेंबरच्या मध्यावर एका शनिवारी दुपारी आम्ही युटामधील कॅपिटॉल रीफ या राष्ट्रीय उद्यानातल्या फ्रुटा कॅम्पग्राउंडवर उतरलो. तांबड्या उंच कड्यांच्या कुशीत मॉर्मन वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागा आहेत आणि हंगामात प्रवाशांना फळे तोडता येतात. सौ. सफरचंदांवर खूश होती. डोक्यावर कॉटनवुडच्या वृक्षांचे दाट छत. मोबाईलला ठिपकाभरही सिग्नल नाही. तबकडी लावून पाहिली, तिने झाडे आणि कडे यांच्यापुढे हात टेकले. शनिवार-रविवार कन्येचे रुग्ण नसत. ‘एक रात्र निवांत राहू,’ असे ठरले. खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास पाव आणण्यासाठी जावईबापूंबरोबर, एका शेजाऱ्याच्या गाडीतून, अकरा मैलांवरच्या टॉरी गावी निघालो. गाव जवळ येताच खिशातला दूरध्वनी थरथरू लागला आणि थांबेचना. तेवीस संदेश. पहिला ‘दादा, फोन उचल.’ मग ‘आई न्हाणीघरात पडली.’ मग ‘खुब्याचे हाड मोडले आहे, ॲडमिट केले.’ आणि त्यानंतर चार वेळा एकच प्रश्न, ‘दादा, तू आईला चालू केलेली ती गोळी कोणती?’

ज्येष्ठ सहकाऱ्यांना पुढचे सांगावयास नको. आईच्या हृदयाची लय अनियमित झाल्याने निघण्यापूर्वी दोन महिने मीच तिला अपिक्सॅबॅन सुरू केले होते. चिठ्ठी लिहिली नव्हती. घरच्या रुग्णाला कोण चिठ्ठी लिहितो? त्या औषधावर असलेल्या वृद्धेस कण्यातून भूल दिली तर पाठीच्या मणक्यात रक्तस्राव होऊन पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. थांबावे लागते, साधारण तीन दिवस. दुसरीकडे, खुब्याच्या अस्थिभंगात शस्त्रक्रिया जितकी लांबेल तितकी छाती, मूत्रमार्ग आणि शय्याव्रण यांची भीती वाढते. म्हणूनच भूलतज्ज्ञाला गोळीचे नाव आणि शेवटच्या मात्रेची वेळ हवी होती. ती माझ्या डोक्यात होती आणि माझे डोके कॉटनवुडखाली सफरचंद खात होते. आई बडोद्याच्या वेळेप्रमाणे सकाळी साडेसहाला पडली. मी संदेश वाचले तेव्हा तेथे रात्रीचे नऊ वाजले होते. साडेचौदा तास!

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. मोटारीत एक लहान उपग्रह-संदेशक होता. मनोरा नसेल तेथूनही त्यावर चार ओळी घेता-देता येतात आणि रानावनात जाणारी मंडळी तो बाळगतात. तो रात्रभर चालू होता. त्याचा पत्ता कन्येने मला पहिल्याच आठवड्यात लिहून दिला होता, ‘बडोद्याला कळवून ठेवा,’ असे सांगून. तो कागद माझ्या पाकिटात, घडीसुद्धा न उलगडलेला होता.

टॉरीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून फोन लावला. भाऊ रडवेला झाला होता. पण प्रश्नाचे उत्तर तोवर सापडले होते आणि ते शोधले होते आमच्या भावजयीने. दुपारीच ती घरी परतली, आईच्या उशाजवळचा औषधांचा डबा जसाच्या तसा उचलून रुग्णालयात घेऊन गेली आणि भूलतज्ज्ञापुढे उपडा केला. रिकामी झालेली पाकिटेही ती फेकीत नाही, या तिच्या सवयीची आम्ही आजवर थट्टा करीत आलो होतो. शनिवारी रात्री नऊला शेवटची गोळी दिली, हेही तिच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवलेले होते.

भूलतज्ज्ञ माझाच एकेकाळचा विद्यार्थी. दुपारी आम्ही मुक्काम हलवून टॉरीजवळच्या उघड्या माळावर आलो. तबकडीला क्षितिजापर्यंत आकाश मिळाले. सोमवारी पडद्यावर त्याने मला क्रिएटिनीन आणि हृदयाचा आलेख दाखवला. मी दोन सूचना केल्या, त्या त्याने आधीच अमलात आणल्या होत्या. ‘सर, तुम्ही आईंशीच बोला,’ असे म्हणून त्याने फोन तिच्या हाती दिला. लगेच परत येतो, असे मी म्हणालो. ‘येऊन काय करणार? हाड काय तू बसवणार आहेस?’ आईचा आवाज खोल गेला होता, पण धार शाबूत होती.

बुधवारी सकाळी बडोद्यात शस्त्रक्रिया झाली. आमच्याकडे मंगळवारची रात्र होती. जावईबापूंनी त्या रात्री तबकडी बंद केली नाही, बॅटऱ्या पहाटेपर्यंत उतरल्या. आम्ही चौघे काळ्याभोर माळावर खुर्च्या टाकून बसलो होतो. एकामागोमाग एक सरकणाऱ्या उपग्रहांचे ठिपके सौ. मोजीत होती. रात्री एकच्या पुढे भावजयीचा आवाज आला, ‘झालं. शुद्धीवर आहेत. पाणी मागतायत.’

त्या आठवड्यानंतर मी नवा रिवाज सुरू केला. नव्या मुक्कामी पोहोचलो की प्रथम बडोद्याला तीन ओळी. कुठे आहोत, सिग्नल आहे की नाही, नसेल तर संदेशकाचा पत्ता. कन्येने तो संदेश पाहिला, काही बोलली नाही. पुढे २०२५ साली तेथे साध्या मोबाईलवरूनही उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय आली. आईची औषधे, मात्रा आणि वेळा लिहिलेला कागद मात्र आमच्या शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे, भावजयीच्या अक्षरात.

ऑक्टोबरअखेरीस आम्ही परतलो तेव्हा आई वॉकर धरून ओसरीपर्यंत येत होती. त्या संध्याकाळी कन्येचा फोन आला. मी हातातला पडदा आईपुढे धरला. तिने डोळे बारीक करून पाहिले आणि मला बाजूला सारून सरळ नातीलाच विचारले, ‘काय गं, आज घर कुठे उभं आहे?’ कन्येने मोटारीचे दार उघडले आणि फोन बाहेर वळवला. सकाळच्या उन्हात पॅसिफिक महासागर चकाकत होता. ‘दार लावून घे,’ आई म्हणाली, ‘वारा येईल आत.’