किरीटातलं लोखंड

भट्टीपासून जितकं लांब जावं तितकी झळ कमी होते, हे पिंपरीत कुणाला शिकवावं लागत नाही. सूर्याच्या बाबतीत मात्र हा अनुभव उलटा पडतो. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो, त्याचं तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. त्याच्या बाहेर लाखो किलोमीटर पसरलेलं विरळ वातावरण, म्हणजे किरीट किंवा कोरोना, १० लाख अंशांच्याही वर तापलेलं असतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, भौतिकी नव्हे. त्यामुळे आमचा प्रश्न थोडा वेगळा आहे: हे माणसाला कळलं कसं, आणि कळायला इतका वेळ का लागला?

पहिली अडचण पाहण्याचीच. सूर्यबिंबाच्या झगमगाटापुढे किरीट लाखो पटींनी मंद आहे. पूर्वी तो दिसायचा तो फक्त खग्रास ग्रहणात. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. महिनोन् महिने तयारी, आणि पाहायला मिळाली जेमतेम दोन मिनिटं!

दुसरी अडचण अर्थ लावण्याची. १८६९ च्या ग्रहणात किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ सापडली होती. ती तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. सुमारे ७० वर्षांनी उलगडा झाला की ती रेघ लोखंडाची आहे. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातले १३ निघून गेले की असा प्रकाश येतो. त्यासाठी तापमान लाखो अंशांचं हवं. किरीट इतका तप्त आहे हे अशा रीतीनं लक्षात आलं.

इथं कुणी विचारेल, मग त्या उष्णतेनं सारं जळून का जात नाही? ग्राइंडरची ठिणगी आठवा. ती तापलेली असते, पण हातावर पडली तरी फारसं भाजत नाही, कारण तिच्यात द्रव्यच थोडं. किरीट तर अत्यंत विरळ.

आता आजची गोष्ट. २ सप्टेंबर २०२३ ला इस्रोनं आदित्य-एल१ सोडलं. वजन सुमारे १,४८० किलो, म्हणजे चाकणला बनणाऱ्या एखाद्या मोटारीइतकं. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचलं. तिथून सूर्य रात्रंदिवस दिसतो. यानावरच्या सात उपकरणांपैकी बंगळुरूत तयार झालेल्या व्हीईएलसीमध्ये एका आरशाला मधोमध भोक आहे. बिंबाचा प्रखर प्रकाश त्यातून निघून जातो आणि किरीटाचा तेवढा पुढे परावर्तित होतो. थोडक्यात, ग्रहण यंत्रातच घडवलेलं आहे. हे उपकरण ती लोखंडाची हिरवी रेघही टिपतं.

दुसरं उपकरण ‘सूट’. ही दुर्बीण आपल्याजवळच, गणेशखिंडीतल्या आयुकामध्ये आकाराला आली. ती किरीटाच्या खालचे थर, म्हणजे प्रकाशगोल आणि वर्णगोल, अतिनील प्रकाशात पाहते. त्यातला बराच प्रकाश आपला ओझोन अडवतो, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागली. ऊर्जा खालून वर जाते कशी, हे समजायला खालचे थर आणि किरीट दोन्ही पाहावे लागतात.

किरीट तापतो का? चुंबकीय क्षेत्रातून वर जाणाऱ्या लाटांमुळे, की असंख्य छोट्या स्फोटांमुळे? दोन्हींचा वाटा असू शकतो. कुठे किती, यावर अजून एकमत नाही. ‘सगळं चुंबकत्वामुळे होतं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कोरोनियमनं हेच शिकवलं आहे: नाव दिलं म्हणजे उत्तर मिळालं असं नव्हे. सत्तर वर्षं ज्याला परकं नाव दिलं होतं, ते आपल्या कारखान्यातलं लोखंडच निघालं. नायगमवालांना दोन मिनिटं मिळाली. आपल्याला रोज पाहता येतं. म्हणजे आता सबब उरली नाही, घाई न करता विचार करायचं काम उरलं.