निवृत्तीनंतर बोलू लागणारी धूळ

जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला महिनोन्‌महिने हटत नाही आणि घरची मंडळी म्हणतात, "आता वयच झाले." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु आपण, अथवा आपण ज्यांची शुश्रूषा करता त्या ज्येष्ठांनी, उमेदीची वर्षे भट्टी, बॉयलर, सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना किंवा गाड्यांचे ब्रेक-क्लच यांच्या सान्निध्यात घालवली असतील, तर वयाला दोष देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : कामाच्या जागी धूळ कसली होती?

जालना हा पोलादी सळ्यांचा जिल्हा. येथील भट्ट्या आणि रोलिंग मिल यांवर असंख्य कुटुंबांच्या चुली पेटल्या. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत राबून उतारवयात गावी परतलेलेही अनेक आहेत. उष्णतेला दाद न देणारे, चिवट आणि स्वस्त म्हणून ॲस्बेस्टॉस हे खनिज उद्योगांमध्ये दोरी, कापड, हातमोजे, गॅस्केट आणि ब्रेक-लायनर यांसाठी दीर्घकाळ वापरले गेले. त्याचे तंतू इतके सूक्ष्म असतात, की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे ते फुप्फुसांत रुततात आणि हळूहळू तेथील ऊती कठीण होत जातात. हाच 'ॲस्बेस्टॉसिस'. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हेही याच तंतूंचे परिणाम. संपर्क आणि आजार यांत बहुधा 10 ते 40 वर्षांचे अंतर असते. म्हणूनच दुखणे निवृत्तीनंतर डोके वर काढते.

मुंबईतील घाटकोपरच्या हिंदुस्तान कंपोझिट्स या कारखान्यातील कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि त्यांचे सहकारी यांनी केली होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तपासलेल्या कामगारांपैकी सुमारे एकपंचमांश जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. असा आजार क्षयरोग किंवा जुनाट ब्राँकायटिस समजला जातो, हेही त्यांनी नोंदवले.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, 1948 च्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसिसचा समावेश होता. म्हणजे हा आजार आढळल्यास शासनाला कळवणे बंधनकारक ठरते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही त्याची नोंद आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा 27 जानेवारी 1995 चा निकाल. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षे, अथवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो निवृत्तीबरोबर संपत नाही, असेही न्यायालयाने मानले.

साठांहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे मात्र पांढरे ॲस्बेस्टॉस आयात होऊन आजही वापरले जाते. त्यामुळे नियमांचे पालन आणि कामगाराची जागरूकता यांवरच सारी भिस्त आहे.

आपण काय करावे?

• डॉक्टरांना कामाचा पूर्ण इतिहास सांगावा : कोणता कारखाना, कोणते खाते, किती वर्षे. शक्य तर एका कागदावर लिहून न्यावा.

• छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची तपासणी करून घ्यावी. जुने एक्स-रे आणि केसपेपर टाकून देऊ नयेत.

• नोकरीचे दाखले, पगारपत्रके आणि कामगार विम्याचे कार्ड जपून ठेवावे. निदान झाल्यास नुकसानभरपाईसाठी राज्य कामगार विमा महामंडळ किंवा कामगार संघटना यांच्याकडे विलंब न करता चौकशी करावी.

• रुतलेले तंतू औषधाने निघत नाहीत. पण बिडी-सिगारेट सोडल्याने कर्करोगाचा धोका निश्चित कमी होतो. न्यूमोनिया व फ्लूच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे.

• धुळीच्या कामावरून येणाऱ्या मुलाचे किंवा नातवाचे कपडे घरात झटकू नयेत; ते वेगळे भिजवून धुवावेत. पूर्वी हे कपडे धुणाऱ्या गृहिणींनाही या तंतूंची बाधा झाल्याची उदाहरणे आहेत. शक्यतो कपडे कामाच्या ठिकाणीच बदलावेत.

• घरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर घाबरू नये. पत्रे शाबूत असतील तोवर धोका अल्प असतो. ते कापणे, घासणे, भोके पाडणे किंवा फोडणे टाळावे. काढणे भागच असेल तर पाण्याने भिजवून, अखंड उतरवून घ्यावेत.

कायद्याने नोंद जपण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्या नोंदीची आठवण करून देणे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना औषधांच्या यादीसोबत कामाच्या इतिहासाचा तो कागदही बरोबर घ्यावा.