एडिनबराची छोटी गाडी आणि चाकणची पोलो

एडिनबरात नव्याने स्थिरावणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिली गाडी परवडते ती छोटी आणि वापरलेली. रोजच्या कामाला बस आणि ट्राम पुरते. गाडी लागते ती मुलांना घेऊन पर्थवरून उत्तरेला डोंगराळ मुलखात जाताना. घेताना चौकशी होते ती किती मैल धावली, विमा किती बसेल, पेट्रोल किती पिते याची. सुरक्षिततेचं नाव काढलं की ‘या किमतीत आणखी काय मिळणार?’ असं म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं असं की छोट्या गाडीत जीव वाचवणारं काय आहे हे तिच्या किमतीपेक्षा ती बनली तेव्हाच्या कायद्याने ठरतं. मध्यम कुटुंबाच्या पदरात आज जी सुरक्षितता पडली आहे, त्यातली बरीचशी सक्तीमुळेच पडली आहे.

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. स्टीअरिंग वळतंय एकीकडे आणि गाडी घसरतेय दुसरीकडे, हे सेन्सरना कळलं की ही यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणायला मदत करते. पावसाने ओल्या झालेल्या दगडी फरसबंदीवर, किंवा ए-9 महामार्गावर हरीण आडवं आल्यावर झटक्यात स्टीअरिंग फिरवताना तिची किंमत कळते. सुरुवातीला ती महागड्या गाड्यांची मिरासदारी होती. युरोपीय नियमांनी ती नव्या मॉडेलांना 2011 पासून आणि सर्व नव्या गाड्यांना नोव्हेंबर 2014 पासून बंधनकारक केली आणि ती सर्वांत स्वस्त गाडीतही आली. म्हणून ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेताना नंबरप्लेट वाचायला शिकणं मोलाचं आहे. पहिली दोन अक्षरं नोंदणीचं ठिकाण सांगतात (एडिनबराची एसके ते एसओ) आणि पुढचे दोन आकडे काळ सांगतात. ‘15’ म्हणजे मार्च ते ऑगस्ट 2015. तिथून पुढची गाडी असेल तर ईएससी आहे असं जवळजवळ धरून चालता येतं. तिच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहासही नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतो. या तपासणीत सीटबेल्ट आणि एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पाहिला जातो.

‘सक्ती कशाला? लोकांना हवं असेल तर कंपन्या देतीलच,’ हा आक्षेप जुना आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या चाकणमध्येच सापडतं. जानेवारी 2014 मध्ये लंडनस्थित ग्लोबल एनकॅप संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवून पाहिल्या. मारुती अल्टो 800, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-10, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. पण शून्या-शून्यात फरक होता. पहिल्या तिघींचा सांगाडाच तग धरू शकला नाही. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला, उणीव होती ती एअरबॅगची. चाकणला बनणारी तीच पोलो दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. म्हणजे कारखान्याला, कामगारांना, अभियंत्यांना सगळं येत होतं. फक्त ते सर्वात स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकाला द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. भारतात चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती जुलै 2019 मध्ये. त्याआधी, डिसेंबर 2018 मध्ये, रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवून दाखवले होते. त्यामुळे ‘भारतीय किमतीत हे जमत नाही’ या म्हणण्यात फारसा दम उरला नव्हता.

ब्रिटनला हा धडा आधी मिळाला होता. 1997 मध्ये युरो एनकॅपचे पहिले निकाल आले तेव्हा रोव्हर 100 या लोकप्रिय छोट्या गाडीला एकच तारा मिळाला आणि वर्षभरात तिचं उत्पादन थांबलं. चार तारे कुणालाच मिळवता येणार नाहीत, असं कंपन्या सांगत होत्या. त्याच वर्षी जुलैमध्ये व्होल्व्हो एस-40 ने ते मिळवले. 2004 मध्ये रेनॉ मोडस ही छोटी गाडी पाच ताऱ्यांपर्यंत पोहोचली. इथे कुणी म्हणेल, मग तारे पुरेत, कायदा हवाच कशाला? पण तारे गिऱ्हाइकाला माहिती देतात, स्वस्त गाडीला किमान पातळीखाली जाण्यापासून रोखत नाहीत. शिवाय ते काळाबरोबर बदलतात. फियाट पांडाला 2011 मध्ये चार तारे होते, 2018 मध्ये त्याच पिढीच्या गाडीला शून्य. दरम्यान परीक्षा कडक झाली होती. डासिया सँडेरोला 2021 मध्ये दोनच तारे मिळाले, तरी प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात तिला सुमारे 70 टक्के गुण होते. ती मागे पडली ती चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणांत. म्हणून तारे मोजताना शेजारचं वर्ष आणि गुणांची फोड दोन्ही पाहावीत.

‘मोठी गाडी घ्या, मुलं सुरक्षित राहतील,’ हा सल्ला मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण दोन गाड्यांच्या टकरीत जड गाडीच्या बाजूने भौतिकशास्त्र उभं असतं. पण ते संरक्षण समोरच्या हलक्या गाडीतल्या कुटुंबाच्या वाट्यातून येतं, आणि पायी चालणाऱ्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही. या बाबतीत एडिनबराने दुसरी वाट धरली. 2016 ते 2018 दरम्यान शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 20 मैल झाली. 30 ऐवजी 20 मैलांनी जाणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा निम्म्याहून कमी असते, आणि हा लाभ छोट्या-मोठ्या सर्व गाड्यांतल्यांना, तसाच फुटपाथवरच्या मुलालाही मिळतो. आतल्यांसाठीही सर्वात स्वस्त साधन अजून सीटबेल्टच आहे. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवर तो 1983 पासून आणि मागे बसणाऱ्या प्रौढांना 1991 पासून सक्तीचा आहे. 12 वर्षांखालच्या किंवा 135 सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांना योग्य चाइल्ड सीट लागते. यातली जी मर्यादा मूल आधी ओलांडेल ती लागू.

काळजी वाटते ती यापुढची. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, वेगमर्यादेची आठवण करून देणारी यंत्रणा अशी मोठी यादी युरोपीय संघाने जुलै 2024 पासून सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक केली. त्याच वेळी ती उत्तर आयर्लंडला लागू झाली. स्कॉटलंड, इंग्लंड आणि वेल्सला नाही. सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांनी चालक वैतागतो ही तक्रार खरी आहे आणि ती दूर करणं कंपन्यांचं काम आहे. पण त्यासाठी आपोआप लागणारा ब्रेकच ऐच्छिक ठेवणं मला पटत नाही. अनेक कंपन्या दोन्ही बाजारांत एकच गाडी विकतात, त्यामुळे आज फरक फारसा जाणवणार नाही. पण जिथे तो पडेल तिथे आधी पडेल तो यादीतल्या सर्वात स्वस्त मॉडेलवर. म्हणून एडिनबराच्या शोरूममध्ये छोटी गाडी घेणाऱ्याने ‘हा ब्रेक याच मॉडेलमध्ये आहे का, आणि पायी चालणारा माणूस त्याला ओळखता येतो का?’ हे विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.