हिब्रूचा गृहप्रवेश

हिब्रूला पुन्हा बोलती भाषा करायला निघालेले एलिएझर बेन-येहुदा 1881 मध्ये जेरुसलेमला पोचले, तेव्हा हिब्रूत प्रार्थना होती, धर्मचर्चा होती, ग्रंथही लिहिले जात होते. टॉवेल, ब्रश, छत्री यांना मात्र रुळलेले शब्द नव्हते. ज्यूंच्या घरातली भाषा वेगळीच असे: पूर्व युरोपात यिद्दिश, बगदादेत अरबी, कोकणातल्या बेने इस्रायलींकडे मराठी.

1882 मध्ये बेन-येहुदांना मुलगा झाला. त्याच्या कानावर फक्त हिब्रू पडावी, असा त्यांचा हट्ट. पत्नी देवोरा यांना ती भाषा जेमतेम येत होती, तरी त्यांनी तो हट्ट निभावला. बेन-येहुदांचं कौतुक जगाने केलं. देवोरांच्या वाट्याला ते फार कमी आलं. हा अन्यायच आहे.

मग शब्द घडू लागले. कोरडं करण्याच्या धातूवरून टॉवेलला ‘मगेवेत’, ‘मातार’ म्हणजे पाऊस, त्यावरून छत्रीला ‘मित्रिया’. पण मला खरी भव्यता दिसते ती जुन्या शब्दांत. ‘किस्से’ म्हणजे बायबलमधलं राजसिंहासन. मूळ थेट अक्कडी-सुमेरीपर्यंत जातं. आज ती साधी खुर्ची. दहा आज्ञांचे शिलापाट ठेवलेली पेटी ‘आरोन’; आज त्यात कपडे असतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात याजकाचा सेवक तीन दातांच्या ‘मझलेग’ने उकळत्या भांड्यातलं मांस उचलतो, तोच आता जेवणाचा काटा. यहेज्केलच्या दृष्टान्तातलं तेजस्वी ‘हश्माल’ प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘इलेक्ट्रॉन’ झालं होतं. तो धागा पकडून कवी येहुदा लाइब गॉर्डन यांनी ते विजेला दिलं.

सगळंच बायबलमधून आलं नाही. पडद्याचा ‘व्हिलोन’ आणि बाकाचा ‘सफसाल’ रोमनांच्या लॅटिनमधून शिरले. भट्टीचा ‘तन्नूर’ मात्र बायबलमधलाच, आणि आपल्या तंदूरचा सख्खा नातलग.

हे शब्द कोशात राहिले असते तर वाळून गेले असते. शाळांनी, 1898 मध्ये रिशोन लेझियोनला निघालेल्या हिब्रू बालवाडीने ते मुलांच्या तोंडी घातले. 1922 मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये हिब्रूला अधिकृत दर्जा मिळाला; त्याच वर्षी बेन-येहुदा गेले. त्यांनी सुरू केलेला हिब्रूचा महाकोश पुरा व्हायला 1959 उजाडलं.

त्यांचं सगळंच लोकांनी ऐकलं असंही नाही. टोमॅटोचा ‘अगव्हानिया’ हा शब्द वासनेच्या धातूवरून आला म्हणून त्यांना तो नकोसा होता. त्यांनी अरबीवरून ‘बादुरा’ सुचवला. इस्रायलच्या बाजारात आजही अगव्हानियाच विकला जातो.